उतरताना अडकणारं विमान

आबांनी आईच्या कपाळावर जॉयस्टिक फेकून मारली. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जळगावच्या एका दुकानात उभी राहून कॉम्प्युटरची मेमरी किती वाढवावी याचा विचार करत होते. आईला तीन टाके पडले होते आणि लेक रॅम बघत होती. लिहिताना लाज वाटते, पण घडलं ते असंच.

आबा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं मुंबई-आग्रा रोडवर ट्रक चालवला. गुडघा गेला, क्लच दाबेना, तेव्हा धुळ्याच्या घरात येऊन बसले. आई आणि ते, दोघंच. मी एकुलती एक, जळगावच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. आबांचा हात पहिल्यापासून सैल. ट्रकवर असताना महिन्यातले पाच-सहा दिवस घरी असायचे, तेवढ्याच दिवसांचा मार. घरी बसल्यावर तो रोजचा झाला. क्लीनरवर, पोलिसावर, हमालावर निघणारा सगळा राग आता आईवर. वड्याचं तेल वांग्यावर काढायला घरात वांगं एकच उरलं होतं.

आमच्याकडे दुरुस्ती मात्र कायम वस्तूंची व्हायची. दार करकरलं म्हणून आईला चापट बसली की आई दुसऱ्या दिवशी बिजागरीला तेल घालायची. भाकरी गार झाली म्हणून ताट भिंतीवर गेलं, तेव्हा तिनं झाकणाचा डबा आणला. मीही लहानपणी तेच शिकले. त्यांच्या चपला कुठे, चष्मा कुठे, रेडिओचा आवाज किती, सगळं मी सांभाळायचे आणि माझ्यामुळे आज मार टळला म्हणून खूश व्हायचे.

मग वरच्या खोलीत एक भाडेकरू आला. धुळ्याच्या धावपट्टीवर विमान शिकायला आलेला, आसामकडचा. त्यानं आबांना कॉम्प्युटरवर विमान उडवायचं सिम्युलेटर दाखवलं. शिक्षण संपवून गेला तेव्हा जॉयस्टिक आबांनाच देऊन गेला. मी लॅबमधला अनुभव पणाला लावून एक मशीन जुळवून दिलं. आबा धुळ्याहून उडायचे आणि खालचा रस्ता धरून पारोळा, एरंडोल करत जळगावला उतरायचे. अख्खं आकाश मोकळं, पण हा माणूस रस्ता सोडायचा नाही. एकदा मला फोनवर विचारलं, "इले हॉर्न कोठे शे व?" मी पोट धरून हसले.

आणि मार थांबला. अकरा महिने आबांनी आईला हात लावला नाही. सकाळी जेवून बसायचे ते दिवेलागणीला उठायचे. आई फोनवर हळू आवाजात सांगायची, जसं काही मोठ्यानं बोलली तर दृष्ट लागेल. मी लॅबमध्ये पेढे वाटले. कशाचे ते कोणाला सांगितलं नाही.

मग सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली. खालची शेतं, घरं, झाडं खऱ्यासारखी दिसायला लागली आणि तिथेच घोटाळा झाला. उडताना ठीक, पण जळगाव जवळ आलं, गिरणेचा पूल मागे पडला, गावातली घरं दाटली की चित्र थांबायचं. दोन सेकंद, कधी चार. चित्र पुन्हा हलेपर्यंत विमान धावपट्टीच्या बाहेर मातीत. पहिल्या आठवड्यात आबांनी टेबल लाथाडलं. दुसऱ्या आठवड्यात आईला. तिसऱ्यात जॉयस्टिक.

दवाखान्यात आईनं सांगितलं, उंबऱ्याला ठेचकाळले. मला फोनवर म्हणाली, "पोरी, तेवढं मशीन नीट करी दे व माय. तुना आबा खाली उतरतस ना, तव्हयच ते अडकी जास."

"माय, तू तुझी बॅग भर. मी न्यायला येते."

"मशीन नीट व्हऊ दे, मंग दखू."

तर मी दुकानात उभी. काय बिघडलंय हे मला पक्कं ठाऊक होतं. मागच्या खेपेला मी स्वतः बसून पाहिलं होतं: उतरायच्या वेळी सोळा जीबी मेमरी काठोकाठ भरायची आणि मशीन हार्ड डिस्कवर पसारा मांडायला लागायचं, तिथे ते हळू पडायचं. ग्राफिक्स कार्डाचा दोष नव्हता. आणखी सोळा घातली की काम होणार होतं. दुकानदार मारवाडी, लॅबचं सामान त्याच्याकडूनच येतं. म्हणाला, "ताई, एकदाच भरपूर टाका. परत परत उघडायला नको."

मी हो म्हणेना, नाही म्हणेना. रॅम घातली तर मीही बिजागरीला तेलच घालणार होते. नाही घातली तर पुढच्या आठवड्यात आईचा डोळा. मशीनच उचलून आणलं तर आबा पुन्हा रिकामे आणि आई पुन्हा समोर. एवढी शिकले, शंभर पोरांना मशीन उघडून दाखवते, आणि माझ्या आईचं डोकं शाबूत राहावं म्हणून माझ्या हातात काय, तर मेमरीच्या दोन पट्ट्या. माझा संताप इतका वर आला की मी काउंटरवर मूठ आपटली. काच तडकली. मी रॅम घेतली.

रविवारी धुळ्याला गेले. आईच्या कपाळावर पट्टी, डोळ्याखाली निळं. आबा खुर्चीत. म्हणाले, "समोरच रनवे व्हता, आन हाई मेलं तठेच थांबनं!" आईचा विषयच नाही. मी कॅबिनेट उघडलं, रिकाम्या खाचांत पट्ट्या बसवल्या, मशीन सुरू केलं. बत्तीस दिसले. आबा लहान पोरासारखे पुढे सरकले.

धुळं सुटलं. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. गिरणेचा पूल आला तेव्हा मी आबांच्या खुर्चीची पाठ धरून उभी. घरं दाटली. चित्र थांबलं नाही. विमान लोण्यासारखं खाली आलं आणि चाकं टेकली. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मला त्या क्षणी खरंच वाटलं की आम्ही जिंकलो.

आई शिऱ्याची ताटली घेऊन मागेच उभी होती. पडद्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "उतरनं ना? आते तरी शांत ऱ्हा."

आबा वळले. "माले शिकाडस?" म्हणाले आणि उलट्या हातानं तिच्या तोंडावर मारलं. पट्टीच्या बाजूनंच. ताटली खाली. पडद्यावर विमान धावपट्टीवरून अगदी गुळगुळीत पुढे चाललं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; इथे तर सुंभही जळला नव्हता, नुसता अकरा महिने गुंडाळून ठेवला होता.

मग मी आबांची कॉलर धरली. खुर्चीतून अर्धं उचललं आणि तोंडात मारली. चष्मा उडाला. दुसरी मारली. त्यांच्या ओठातून रक्त आलं. ते हात वर करून तोंड झाकायला लागले, सत्तरीचा माणूस, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? इतकं बरं वाटलं की पोटात गरम झालं. हे सगळं मला कोणी शिकवलं नव्हतं, पण हात कुठून आणायचा, तळवा कसा उघडायचा, सगळं येत होतं. तिसऱ्यांदा हात उचलला, तेव्हा माझ्या गालावर फाडकन बसली.

आईनं मारली होती. आयुष्यात तिनं कोणावर हात उचललेला मी पाहिला नव्हता. तिच्या पट्टीतून रक्त झिरपत होतं.

"तुना हात बी त्यासना सारखाच शे," म्हणाली.

"माय, मी तुझ्यासाठी..."

"आबा बी असंच सांगतस. मना भल्यासाठीच मारतस."

मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता जळगावला. तिनं मान हलवली. "तुनाकडे बी नही येवाव. मी बहीनकडे जास." पिशवीत दोन लुगडी, गोळ्या आणि चष्मा घातला आणि निघाली. मी मागे धावले तर हातानंच थांबवलं. चाळीसगावची बस तिनं एकटीनं धरली. सत्तेचाळीस वर्षांत आबांना न विचारता केलेला तिचा हा पहिला प्रवास. मी घरी परतले तेव्हा आबा चष्म्याची काडी सरळ करत बसले होते. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

आबा अजून उडतात. मशीन कुठेही अडकत नाही. शेजारची बाई डबा देते. मी महिन्यातून एकदा धुळ्याला जाते, औषधं ठेवते आणि त्यांच्यापासून दोन हात लांब बसते, कारण माझा माझ्यावर भरवसा नाही.

मावशीच्या घरी आई सुधारली. अंगावर मांस चढलं. मावशी सांगते, मोठ्यानं हसायला लागली आहे, गल्लीत ऐकू जातं. उन्हाळ्यात मी चाळीसगावला गेले. आई भिंतीला टेकून सुपात शेंगा सोलत होती. मीही बसले आणि सोलायला लागले. बोलणं छान चाललं होतं. उकडत होतं. पंख्याचं बटण आईच्या डोक्यावर होतं. मी उठले आणि हात वर केला.

आईनं डोळे मिटून मान खाली घातली. शेंगांचं सूप डोक्यावर धरलं.

मी हात तसाच खाली आणला आणि म्हटलं, "माय, पंखा तू लाव."