कडेला कोण बघतंय?

कोचकोर गावात लोकरीचं एक जुनं गोदाम बंद पडलेलं होतं. त्याची विटांची भिंत म्हणजे बुरमाकानची परीक्षेची जागा. कुठलीही वाइड लेन्स हाती आली, की ती आधी या भिंतीपुढे न्यायची. मधोमध नि चारी कोपऱ्यांना वर्तमानपत्राची पानं चिकटवायची, दोरी लावून दोन्ही कडांचं अंतर सारखं करायचं, मग फोटो. रोल धुऊन झाला की निगेटिव्हवर भिंग धरून कोपऱ्यातली अक्षरं वाचायची. मधली अक्षरं ती वाचतच नसे. मधलं काय, कुठलीही लेन्स दाखवते!

गावाला तेवढीच करमणूक. "बुरमाकान भिंतीचे फोटो काढते, भिंतीचं लग्न ठरलं वाटतं!" हसा म्हणावं, खुशाल हसा. तिच्या आईचा जगात एकच फोटो होता, माहेरच्या कुठल्याशा लग्नातला, सगळ्या कुळाचा. मानाची माणसं मधे आणि सुना कडेला, ही आमच्याकडची रीतच. कडेला उभी असलेली आई म्हणजे एक पांढरा रुमाल आणि त्याखाली पुसट डाग. त्याच हिवाळ्यात ती वारली, तेव्हा बुरमाकान रांगत होती. आईचं नाक कसं होतं हे तिला आजतागायत ठाऊक नाही, आणि त्याचा राग तिच्या पोटातून कधी गेला नाही. नवरा गेल्यावर तिने कॅमेऱ्यावर घर चालवलं, पण कडेच्या बाईचा चेहरा कधी पुसू दिला नाही.

सासरे ऐंशीचे झाले, तेव्हा थोरले दीर दोरोनबेक यांनी मोठी जेवणावळ घातली. फोटो अर्थात बुरमाकानने काढायचा. दोरोनबेकची सून नुरझात त्याच आठवड्यात मॉस्कोला साफसफाईच्या कामावर निघाली होती. अंगावरची पोर मागे ठेवून. परत कधी येईल, देव जाणे.

आणि नेमकी तेव्हाच बुरमाकानची जुनी लेन्स पडून फुटली. घाईघाईने बिश्केकच्या बाजारातून दुसरी आणली, तर हिच्यात उजव्या कडेची अक्षरं विरघळलेली. दोष भिंतीचा की लेन्सचा? तिने कॅमेरा उलटा धरून, खालची बाजू वर करून, पुन्हा फोटो घेतला. आता डावी कड बिघडली. म्हणजे खोट लेन्समधेच होती. बदलून आणायला वेळ नव्हता.

जेवणावळीच्या दिवशी सगळे अंगणात फोटोला बसले तेव्हा तिने सरळ सांगितलं, "भावजी, या लेन्सची उजवी कड खराब आहे. नुरझातला पोरीसकट मामंजींच्या शेजारी बसवा."

दोरोनबेकच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सुनेला मधे? लोक माझ्या तोंडात शेण घालतील! राहू दे तिला कडेला. कडेला कोण बघतंय?"

"मी बघते."

"तू जगावेगळीच आहेस!"

"आहेच मुळी. नुरझात मधे नाही, तर फोटो नाही." तिने लेन्सवर टोपण लावलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

"अगं, ताटातलं बेशबर्माक गार होतंय!" मागून कुणीतरी ओरडलं.

"होऊ दे गार!"

नुरझात रडकुंडीला आली. "काकी, जाऊ द्या ना. माझ्यासाठी नका भांडू."

"तुझ्यासाठी कोण भांडतंय? उद्या ही पोर विचारेल, माझी आई दिसायची कशी? तिच्यासाठी भांडतेय मी. तू गप बस." मग ती दिराकडे वळली. "भावजी, कडेला काही फरक पडत नाही ना? मग तुम्हीच उभे राहा की तिथे!"

सगळ्या बायका रुमालाआड हसल्या. एवढ्या पाहुण्यांसमोर माघार कशी घ्यायची? "राहतो! मी काय कुणाला भितो?" म्हणत दोरोनबेक ताडकन उठले आणि गेले ते थेट डाव्या कडेला. लबाड माणूस! उजवी खराब, हे बरोबर ऐकलं होतं.

त्यांच्या रिकाम्या जागी बुरमाकानने नुरझातला बसवलं, पोर मांडीवर दिली. डावीकडच्या सुनांना चांगलं आत सरकवलं. मग कॅमेरा उलटा करून तिवईवर घट्ट दाबून धरला.

"हे काय गं, उलटा?" दोरोनबेकने विचारलं.

"नवी लेन्स आहे, भावजी. तिचे नखरे!" म्हणत तिने कळ दाबली.

नुरझात मॉस्कोला गेली. फोटो घरच्या भिंतीवर लागला, आणि दोरोनबेक तणतणत बुरमाकानच्या दारात आले. "पाहुणे विचारतात, हा कडेचा कोण? माझ्या बापाची जेवणावळ, आणि माझंच तोंड नाही! मुद्दाम केलंस तू!"

"हो, मुद्दाम केलं." तिने आतून माहेरचा जुना फोटो आणून त्यांच्यापुढे धरला. कडेच्या पांढऱ्या रुमालावर बोट ठेवलं. "ही कोण, सांगा."

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "ओळखू येत नाही."

"माझी आई आहे."

डोक्यावरची टोपी सारखी करून दोरोनबेक आले तसे निघून गेले.

नुरझात अजून आलेली नाही. दोरोनबेक रोज नातीला कडेवर घेऊन त्या फोटोपुढे उभे राहतात. "आई कुठाय?" विचारलं की पोर नेमकं मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवते. "आणि आजोबा कुठाय गं?" विचारलं, तर ती फोटोकडे बघतसुद्धा नाही. वळते आणि त्यांच्या मिश्या ओढते.