एक जोड, दोन गिऱ्हाइकं

युद्ध संपलं आणि बूटवाल्या वहिनींच्या दुकानात एका पायाची गिऱ्हाइकं येऊ लागली. जोडातला एक बूट घालून जायची, दुसरा तिथेच टाकून जायची. नवाकोरा बूट कोपऱ्यात धूळ खात पडलेला बघून वहिनींचा जीव तुटायचा. शेवटी त्यांनीच डोकं लढवलं. मास्तरांचा डावा पाय गेलेला, ड्रायव्हरचा उजवा, आणि माप दोघांचं सारखंच. मग दोघांनी मिळून एकच जोड घ्यायचा.

घ्यायचा कसला, भांडायचं! मास्तरांना काळा हवा, ड्रायव्हरला तपकिरी. दरवर्षी तास तास हुज्जत. "अहो, बूट घेताय की मुलगी बघताय?" वहिनी करवादायच्या. "शांतता शांतता म्हणतात ती हीच का?"

यंदा मात्र दोघं हसतखिदळत आले. सरहद्दीवर पुन्हा गोळीबार सुरू झाला होता.

"या खेपेला चांगला धडा शिकवायचा," मास्तर म्हणाले.

"धडा कसला, नामोनिशाण पुसायचं," ड्रायव्हरने री ओढली. "माझा पोरगा तर नाव नोंदवूनही आला."

"माझाही!"

"ते असू दे. रंग कुठला?" वहिनींनी विचारलं.

"कुठलाही द्या हो."

इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. वहिनींनी हातातला बूट खाली ठेवला आणि मापाची पट्टी काढली.

"भाऊजी, पोरांनाही पाठवून द्या. मापं आत्ताच घेऊन ठेवते. पुढे जोड्या जुळवायला बरं पडेल."