क्रेनच्या केबिनमधली बाई

"फोटो असली है या नकली, बस इतना बता दीजिए. शाम तक," तिवारीजी म्हणाले.

तिवारीजी आमच्या वर्तमानपत्राच्या डिजिटल डेस्कचे प्रमुख. ऑफिस हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, महाराणा प्रताप नगरात. माझं काम फॅक्ट-चेकचं. म्हणजे नेटवर फिरणारी गोष्ट मुळात कुठून निघाली, ते मागे मागे जात शोधायचं.

फोटो काळा-पांढरा होता. कारखान्याच्या छताखाली रुळांवरून सरकणाऱ्या मोठ्या क्रेनची केबिन. आत साडी नेसलेली, हेल्मेट घातलेली तरुण बाई, हात लिव्हरवर. मागच्या काचांतून इतका उजेड येत होता की केबिन नुसती हवेत तरंगत असल्यासारखी वाटे. खाली काळ्या पट्टीवर ओळ होती : 'मी तीस वर्षं क्रेन चालवली. मला फेमिनिझमची गरज कधी पडली नाही.'

त्या ओळीवरून भांडण पेटलं होतं. एक बाजू म्हणे, बघा, खऱ्या कष्टकरी बायका अशा बोलतात. दुसरी म्हणे, फोटोच बनावट आहे. त्या काळात बाईच्या हाती क्रेन कोण देणार? मधे मुक्ता देहनकर नावाची मुलगी एकटीच दोघांशी भांडत होती. 'ही माझी आजी. ती क्रेन ऑपरेटर होती. पण हे वाक्य तिचं नाही.' तिला दोन्हीकडून शिव्या पडत होत्या. कॉलेजच्या मैत्रिणींनी खोटारडी म्हणून तिला ग्रुपमधून काढलं होतं.

मी रिव्हर्स सर्च केला. म्हणजे फोटोच कॉम्प्युटरला देऊन तो आधी कुठे दिसला, ते विचारलं. सगळे रस्ते मुक्ताच्याच जुन्या पोस्टकडे गेले. तिथे फोटो होता, आमच्याच शहरातल्या कारखान्याचं नाव होतं, वाक्य नव्हतं. ते कुणीतरी नंतर चिकटवलेलं. अर्धं काम झालं. उरला फोटो. त्याला साक्षीदार हवा होता.

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये माणसाचा शब्द त्याच्या पदावरून तोलतात, रिटायर झाल्यावरही. म्हणून मी साकेत नगरला जोगळेकर साहेबांना फोन लावला. रिटायर्ड डीजीएम, म्हणजे कारखान्यातले बडे साहेब.

"अहो, आमच्याच वर्कशॉपमधली बाई! मी स्वतः पाहिलंय तिला. काय कंट्रोल होता हातात!"

"नाव आठवतं?"

"मालतीबाई. किंवा सरला. तुम्ही माझं नाव टाका ना. डीजीएम लिहिलं की पुरे."

आणखी दोन रिटायर्ड साहेबांनी तीच खात्री दिली. एकाला तिची नथ आठवत होती, दुसऱ्याला आखूड केस. केबिन सगळ्यांच्या आठवणीत होती. प्रत्येकाच्या केबिनमध्ये बाई मात्र वेगळी.

"महिलाओं का मामला है, आप ही जाइए," तिवारीजी म्हणाले.

"क्रेन का मामला है," म्हणून मी बॅग उचलली.

मुक्ताच्या घरी, आनंद नगरला जाताना रिक्षा टाउनशिपमधून गेली. हिवाळ्याची दुपार होती. रिकाम्या क्वार्टरांच्या खिडक्यांतून आत झाडं शिरली होती. एका ओट्यावर कुणी नसताना स्वेटर वाळत होता. कारखान्याचा भोंगा झाला. रस्त्यावर कुणीच आलं नाही.

दार मुक्तानं उघडलं. "आजी सांगेलच तुम्हाला," मी बसायच्या आधीच ती म्हणाली. सुधाताई देहनकर खिडकीपाशी उन्हात बसल्या होत्या. भिंतीवर तोच फोटो, फ्रेममध्ये.

"तुम्ही किती वर्षं क्रेन चालवली?" मी विचारलं.

"वर्षं?" त्या हसल्या. "एक फेरी."

मुक्ता चहा ओतत होती. थांबली.

"मी टाइम ऑफिसात, हजेरीच्या कचेरीत टायपिस्ट. कारखान्याच्या मासिकाच्या कव्हरला बाई हवी होती. वर्कशॉपमध्ये बाई नव्हती, म्हणून मला नेलं. पायात काय आहे बघ, बेटा."

मी फ्रेमजवळ गेले. केबिनच्या उघड्या दारात साध्या चपला दिसत होत्या. वर्कशॉपमध्ये सेफ्टी शूजशिवाय कुणाला काम करू देत नाहीत. नेटवर नेमकी तीच जागा काळ्या पट्टीखाली गेली होती. मुक्ताच्या पोस्टमध्ये चपला होत्या. मी मात्र फक्त चेहराच मोठा करून पाहिला होता.

"म्हणजे चालवलीच नाहीस?" मुक्तानं विचारलं.

"चालवली की! ऑपरेटर इस्माईलभाई मागे वाकून उभे होते. फोटो झाल्यावर म्हणाले, बहनजी, चला के देखिए. मी लिव्हर ढकलला. अगं, सगळा हॉल मागे सरकायला लागला. माणसं, मशीनं, उन्हातली धूळ. खाली रिकामा हुक पाळण्यासारखा झुलत होता. वाटलं, ही आता अशीच नागपूरपर्यंत जाणार. अजून झोपेत चालवते कधी कधी. तिथे भिंत येत नाही."

"आणि मला सांगितलंस, ऑपरेटर होते!"

"मी कधी? एवढीशी होतीस. विचारलंस, फोटोत काय करतेस? म्हटलं, क्रेन चालवते. पुढची नोकरी तूच दिलीस मला. तुझ्या बाबालाही वाटायचं, ती नोकरी त्याच्या जन्माआधीची असेल."

"लोक मला खोटारडी म्हणतात, आजी. मी सगळ्यांशी भांडले."

सुधाताईंनी तिचा हात धरून शेजारी बसवलं. मी वही मिटली नाही.

"हे आधी का सांगितलं नाही?" मी विचारलं.

"विचारलं कुणी? तू पहिली."

"आणि ते वाक्य? गरज पडली नाही म्हणणारं?"

"मी कशाला असं म्हणेन? एक फेरी झाली, तर फोटोग्राफर खालून ओरडला, हो गया मैडम, उतर आइए. उतरले. परत टाइपरायटर. पुन्हा वर जाता येईल का, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही मला. तेवढं लिही."

छापू का, हे मी मुक्ताकडे बघून विचारलं. तिनं फोन काढून आमच्याआधी स्वतःच लिहिलं आणि आजीला वाचून दाखवलं : 'माझी आजी क्रेन ऑपरेटर नव्हती. तिनं क्रेन एकदा चालवली. मी नीट विचारलं नव्हतं.'

"'एकदा'च्या पुढे 'छान' टाक," सुधाताई म्हणाल्या.

मुक्तानं टाकलं.

तिवारीजींना 'असली' किंवा 'नकली' हवं होतं. आम्ही 'दिशाभूल' असा शिक्का मारून बातमी दिली. दोन्ही बाजूंना ती आवडली नाही. थोड्याच वेळात त्यांना भांडायला दुसरा फोटो मिळाला. दोन मैत्रिणी मुक्ताशी पुन्हा बोलू लागल्या. बाकीच्या नाही.

जोगळेकर साहेबांचा फोन आला. "चुकीचं छापलंत तुम्ही. मी स्वतः पाहिलंय तिला."

"कुठे, साहेब?"

ते म्हणाले, "मासिक यायचं आमच्याकडे."

फोटो आम्ही पूर्ण छापला, चपलांसकट. तेव्हापासून सांगणाऱ्याचं पद मी शेवटी विचारते. आधी बघते, पट्टीखाली काय गेलंय. आणि फोटोतलं माणूस हयात असेल, तर पहिला फोन त्याला.