पिशवीतले मोबाइल

आमच्या पाड्यावर रेंज नाही. जीपवाला सकाळी घरोघरचे मोबाइल पिशवीत घेऊन रेंज असलेल्या खोडाळ्याला जातो आणि मेसेज आले की संध्याकाळी परत आणतो. वाटेत मोबाइल कितीही वाजले तरी तो पिशवीची गाठ सोडत नाही.

"माझ्या बायकोला कुणाचे मेसेज येतात ते बघून सांग. वर्षभर माझा माल तुझ्याच जीपने," मी सौदा मांडला.

"भाड्यात घासाघीस करा शेठ, ती रोजच करता. हे नाय जमायचं. वहिनी घरातच हायेत ना? त्यांनाच विचारा की."

मी त्याला शिव्या घातल्या. तो राग अजून गेलेला नाही. पण घरी जाऊन मी तिला विचारलं. ती कडाडून भांडली, मग तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही. म्हटलं, "तूच सांग."