परदेशी लेबलाच्या आठळ्या

आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये एक कुपी होती. तिच्यावर परदेशी कंपनीचं लेबल होतं आणि आत माझ्या आईने भाजीत घालायला ठेवलेल्या फणसाच्या आठळ्यांचा अर्क होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला माझ्या एटीएमचा पिनसुद्धा माहीत आहे.

आम्ही मानवी किडनीवर काम करतो. पेशी आपल्या अंगावरच्या प्रथिनांना साखरेच्या बारीक साखळ्या चढवतात आणि त्या बाहेर मिरवतात. शेजारची पेशी त्या साखळ्या चाचपून ठरवते, हा आपला की परका, याच्याशी बोलायचं की दारातूनच वाटेला लावायचं. माणसं आडनाव विचारून जे करतात, तेच. किडनी आजारी पडली की साखळ्या बदलतात आणि पेशींची आपापसातली बोलाचाली बिघडते. ही साखर डोळ्यांना दिसावी म्हणून काही बियांतली प्रथिनं वापरतात. प्रत्येक प्रथिन आपल्या ठरलेल्या साखरेलाच चिकटतं. त्याला चमकणारा रंग जोडून ठेवला की मायक्रोस्कोपखाली ती साखर हिरवी उजळते. यातलं एक नावाजलेलं प्रथिन फणसाच्या आठळीतून निघतं. फणस आपला, आठळी आपली, पण कुपी विमानाने येते. आमच्या प्रमुख मॅडम ती देवघरात मूर्ती ठेवावी तशी फ्रिजमध्ये ठेवतात.

मॅडमच्या हाताखाली एक मुलगी पीएचडी करत होती. दिघ्यातून यायची, घरातली पहिलीच एवढं शिकणारी. तिचं शेवटचं प्रकरण त्या कुपीवर अडलं होतं. आणि ती कुपी मी मे महिन्यातल्या एका शुक्रवारी खिडकीजवळच्या टेबलावर विसरलो. शनिवारी आठवण झाली, धावत गेलो, तर आत गढूळ गोळे तरंगत होते. समोरच्या भिंतीवर पाटी होती, ‘वस्तू वापरल्यावर जागेवर ठेवा’. ती मीच लावलेली.

नवी कुपी यायला तीन महिने. मुलीला प्रबंध त्याआधी द्यायचा होता. मॅडमना खरं सांगणं हा एक मार्ग होता. मी दुसरा धरला.

खारघरच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत रंगाच्या जुन्या बादलीत आईने तांबडी माती भरून आठळ्या टिकाव्यात म्हणून पुरून ठेवल्या होत्या. ती दुपारची आडवी झाली तसा मी बादली उपसली आणि मिक्सरचं चटणीचं भांडं पिशवीत टाकलं. प्रयोगशाळेत शनिवार-रविवार कुणी नसतं. सोलल्या, वाटल्या, गाळल्या, रंग जोडला. शेवटी हे पाणी एका खास चाळणीतून जाऊ द्यायचं असतं, म्हणजे हवं ते प्रथिन तेवढंच हाती लागतं. ती पायरी मी खाल्ली. थकलो होतो, आणि वाटलं, कोण बघतंय! अर्क त्याच परदेशी लेबलाच्या कुपीत भरला आणि कुपी फ्रिजमध्ये जागेवर ठेवली.

घरी आईने माझ्या वडिलांना, अण्णांना, धरलं होतं.

“आठळ्या कुठे गेल्या?”

“मला काय माहीत?” अण्णा म्हणाले.

“बादली काय आपोआप रिकामी झाली? खाल्ल्या तर खाल्ल्या म्हणा. आता पोट फुगलं की माझ्याकडे ओवा मागायचा नाही.”

“अगं, कच्च्या आठळ्या खायला मी काय माकड आहे?”

“ते मी कशाला बोलू!”

अण्णांनी माझ्याकडे मदतीच्या आशेने पाहिलं. मी पेपर वाचत होतो.

मंगळवारी मायक्रोस्कोपच्या खोलीतून मुलगी ओरडली, “सर! सर, लवकर या ना!” आजारी किडनीच्या कापात नलिकांच्या पेशींभोवती एक बारीक हिरवं कडं उजळलं होतं. असं आधी कुणी दाखवलं नव्हतं. शेजारच्या पेशी इथूनच एकमेकींना निरोप देत असणार, असा तिचा तर्क. मॅडम आल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणून मी इम्पोर्टेडच मागवते. लोकल मालाचा काही भरवसा नसतो.”

मी मान डोलावली. मला हसू आवरेना, म्हणून खोकलो.

कडं छापून आलं, मुलगी डॉक्टर झाली. पेढे वाटताना पहिला तिने मला दिला. “सर, तुम्ही कुपी इतकी जपून वापरायला शिकवलीत म्हणून झालं,” म्हणाली. तो पेढा मी कागदात गुंडाळून खिशात टाकला.

मग एका परदेशी प्रयोगशाळेने कळवलं, आम्हाला कडं दिसत नाही. मुलीने नवी आलेली कुपी फोडून पुन्हा सगळं केलं. कडं नाही. परत केलं. नाही.

“सर, तेव्हा मी काय वेगळं केलं असेल हो?”

“बघू या,” मी म्हणालो.

बघायचं काय होतं? आठळीत दुसरंही एक प्रथिन असतं, वेगळ्याच साखरेला चिकटणारं. चाळणीची पायरी मी गाळली, म्हणजे तेही कुपीत आलं. शिवाय त्या भांड्यात आई लसणाची चटणी वाटते, आणि लसणातही असलं एक प्रथिन आहे. तेव्हा आमचा शोध किडनीचा, फणसाचा की चटणीचा, हे देवालाही सांगता यायचं नाही.

गेल्या आठवड्यात मॅडमनी तिला बोलावून सांगितलं, कडं पुन्हा दिसलं नाही तर पेपर मागे घ्यावा लागेल, आणि जिथे तुझी नोकरी ठरली आहे त्यांनाही कळवावं लागेल. बाहेर येऊन ती माझ्यासमोर बसली. “माझ्या हातातच खोट आहे, सर. कदाचित मला बघायचं होतं म्हणून दिसलं.” मी तिच्यासाठी चहा मागवला. दुसरं काही केलं नाही.

तिचा हात स्वच्छ आहे. समोर होतं तेच तिला दिसलं. खोट कुपीत होती आणि ती मी भरली होती. एवढी तीन वाक्यं मी तिला, मॅडमना आणि तो पेपर छापणाऱ्यांना माझ्या सहीने देणं लागतो. अजून दिलेली नाहीत.