कोरी नसलेली डिस्क

"डिस्क कोरी आहे" असं कोणी म्हटलं, की रत्नाकरराव देशकरांना शिवी दिल्यासारखं लागायचं.

कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं नर्मदेवर फिरायला जातात. यांनी महाराजपुरातल्या घराच्या पुढच्या खोलीत जुने डीव्हीडी ड्राइव्ह जमवले. एकूण सहा, आणि सहांचे सहा नखरे. एकाला प्लसवाली डिस्क चाले, मायनसवाली अजिबात नाही. एक फटीतून डिस्क गिळायचा; त्याला तळहाताएवढी छोटी डिस्क दिली, की ती गेलीच म्हणून समजा. कोणाचं कोणाशी जमतं, हे ते वहीत लिहून ठेवत. "पत्रिका जुळवून राहिले," असं त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई म्हणायच्या. गल्लीतलं कोणी "अंकल जी, ये तो खाली है" म्हणत आलं, की हे ठणकावत, "खाली कुछ नहीं होता, भैया. मशीन गलत है!"

एका रविवारी महाराष्ट्र मंडळातले आल्हाद तशीच छोटी डिस्क घेऊन आले. २००७ च्या गणेशोत्सवातलं नाटक त्यांनी कॅमेऱ्यात घेतलं होतं, पण ते आजवर कुठल्याच कॉम्प्युटरवर दिसलं नव्हतं. आता मंडळाच्या संमेलनात दाखवायचं होतं.

रत्नाकररावांचे डोळे चमकले. त्या नाटकात सुनेत्राबाई नायिका होत्या आणि हे विंगेत प्रॉम्प्टर. दुसऱ्या अंकात बाई मिनिटभर गप्प राहिल्या. सुनेत्रा वाक्य विसरली, असं मंडळ आजही चवीने सांगतं. बाहेर बाईंनी हूं की चूं केलं नाही, घरात मात्र अठरा वर्षं ऐकवलं, "तुम्ही झोपले होते." आणि यांचं ठरलेलं उत्तर, "मी वाक्य दिलं होतं!" आता पुरावाच चालत घरी आला होता.

फटीवाल्याला वगळून चार ड्राइव्हनी डिस्क कोरी ठरवली. रत्नाकररावांनी रोग ओळखला. आल्हादांनी रेकॉर्डिंग झाल्यावर डिस्क कॅमेऱ्यात बंद, म्हणजे 'फायनलाइज', केलीच नव्हती, आणि अशी उघडी डिस्क बहुतेक ड्राइव्हना दिसतच नाही. राहिला भंगारातला पिवळा पडलेला सहावा. तो घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला, आणि पडद्यावर जांभळ्या नऊवारीत सुनेत्रा उभी राहिली.

ती बोलता बोलता थांबली. रत्नाकररावांनी आवाज वाढवला. विंगेतून घोरणं ऐकू आलं, संथ आणि दमदार. सुनेत्राने टेबलावरची फुलं नीट केली, खिडकीशी गेल्यासारखं करत विंगेजवळ आली आणि तिथल्या कापडी पडद्याला हळूच एक लाथ घातली. घोरणं थांबलं. मग आतून खणखणीत वाक्य आलं. वाक्य दिलं होतं, यात खोटं काहीच नव्हतं.

"का हो? लागली का डिस्क?" सुनेत्राबाई दारातून म्हणाल्या.

"कोरी आहे," रत्नाकरराव जन्मात पहिल्यांदा म्हणाले.

"कोरी डिस्क घोरून राहिली का?"

बाई हसत हसत खुर्चीत बसल्या. यांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सगळ्यांनी तुला नावं ठेवली. मंडळात सांगितलं काहून नाही?"

"दोन दोन पाळ्या करून वरून सेट रंगवून राहिले होते तुम्ही. तुमचं हसं करू का चारचौघांत?"

रत्नाकररावांचे डोळे भरून आले. त्यांनी नवी डिस्क काढली आणि कुठल्याही मशीनमध्ये चालेल अशी कॉपी करायला घेतली.

"अच्छा, तेवढं घोरणं कापून टाका," बाई म्हणाल्या.

"नाही," ते म्हणाले, आणि कॉपी झाल्यावर ही डिस्क आठवणीने बंद केली. मग तिच्यावर पेनने लिहिलं, 'नाटक, २००७. सुनेत्रा वाक्य विसरली नव्हती.' आणि आल्हादांना फोन लावला.