मोठी गाडी कोणी घालवली?

मोठी गाडी मी घालवली नाही. भावकीतल्या घराघरात सांगून माझं तोंड दुखलं, पण एकानं मानलं नाही! "मंदाबाईले विचारल्याबिगर त्या घरात दूधसुद्धा तापत नाई," म्हणतात. दुधाचं खरं आहे. गाडीचं नाही! दसऱ्याला झेंडू कितीही विका, दुसऱ्या दिवशी अंगणात ढीग उरतोच. या गाडीचे किस्से तसे साचले आहेत. ऐका आणि तुम्हीच ठरवा.

* * *

आमची फुलशेती आहे, अकोल्याहून बाळापूरकडे जाताना. घरात मी, माझे मालक प्रभाकर आणि त्यांची मोठी बहीण कमलताई. गाडी पांढरी, उंच, सात सीटची. बसायचे दहा. मागे फुलांचे कॅरेट वेगळे.

एक दिवस पाहते तर मालक गाडी धुवून राहिले. घासून घासून! चाकांनाही तेल. आमच्याकडे बैल बाजारात न्यायच्या आधी असा धुतात. मी सरळ विचारलं, "कोणाले विकून राहिले?"

माणूस दचकलाच. "तुले कसं समजलं?"

"तीस वर्षं झाले. सोताचे पाय कधी असे धुतले काय?"

मग खाली मान घालून बोलले. अमरावतीला एक लाल स्पोर्ट्स कार आहे. जुनी आहे, पण लाल आहे. तिचा मालक अदलाबदलीला तयार आहे.

"मानसं किती बसतात?"

"दोन."

"आन् फुलं?"

त्यांनी पुन्हा चाक घासायला घेतलं!

आता मी भांडायला पदर खोचला होता. पण या माणसानं तीस वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नाही. शर्टसुद्धा मी आणते तो घालतात. नाही कसं म्हणावं? आणि हो तरी कसं म्हणावं? माझ्या डोक्याचं पार भरीत झालं.

* * *

कमलताईंना कळलं आणि घर डोक्यावर!

"प्रभ्या, बावन्न वर्षांचा घोडा झाला तू! गुडघे माह्ये गेले, तुह्यं डोस्कं काहून गेलं?"

शेजारची सिंधू आठव्या महिन्याचं पोट घेऊन धावत आली. "काकू, माह्यी डिलिव्हरी होऊ द्या वं, मंग विका!"

सगळे मलाच बोलत होते. लाल गाडी पाहिजे कोणाला आणि शिव्या कोणाला!

* * *

पाहायला गेलो सात जण, मोठ्या गाडीतच. लाल गाडीवाले सुधीरभाऊ, अमरावतीत साड्यांचं दुकान आहे त्यांचं. सज्जन माणूस. त्यांच्या बायकोनं पोहे दिले.

कमलताईंनी पोहे हातात घेतले नाहीत. आधी बोनेट उघडायला लावलं. आत पाहतात तर रिकामं!

"मंदा, ऊठ! इंजिनच नाई याले! फसवून राहिला हा मानूस!"

पोह्यांच्या बशा ठेवून सातही जण उभे.

सुधीरभाऊ हात जोडून म्हणाले, "बाई, याचं इंजिन मांगं रायते."

कमलताई म्हणाल्या, "म्हंजे आता शेपटीकडून दात पाहाचे काय?"

मी त्यांच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, एवढी चकचकीत गाडी देता काहून? ती म्हणाली, "चार वर्षं झाले घेऊन. सासूबाईले एक दिवस तिच्यात बसता नाई आलं." आता या बाईला तरी काय बोलावं?

* * *

ठरलं असं की आठ दिवस त्यांची आमच्याकडे, आमची त्यांच्याकडे. मग मूर्तिजापूरला भेटून काय तो निकाल.

कमलताई आडव्या पडल्या. "आपली गाडी परक्या घरी एकटी जानार नाई."

मुलगी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा आपण पाठराखीण देतो ना सोबत? तशा या गाडीच्या पाठराखीण म्हणून गेल्या! पिशवीत दोन लुगडी, गुडघ्याचं तेल, आणि पुढच्या सीटवर. आठ दिवस सुधीरभाऊंच्या घरी मुक्काम!

* * *

तिसऱ्या दिवशी सुधीरभाऊंचा फोन.

"वैनी, गाडीत आठ लोक बसले. मी एकालेबी ओयखत नाई."

भावकीतले, दुसरे कोण! आमची गाडी रस्त्यात दिसली की हात करायचा आणि बसायचं, ही आमची रीतच आहे. चालवणारा कोण, ते कोणी पाहत नाही.

"ते म्हंतात धामणगावले लग्न हाय. काय करू?"

"सोडून द्या!"

"आन् माह्यं दुकान?"

"आता निंघालेच तर जेवून या!"

मागून कोणी तरी म्हातारी खदाखदा हसत होती. मी विचारलं कोण. म्हणाले, "माह्यी माय. कमलताईजवळ बसली."

* * *

इकडे लाल गाडीचं पोट जमिनीला. स्पीड ब्रेकर आला की मालक म्हणायचे, "मंदा, जराशी उतर." वजन कमी करायला! मी उतरायची, गाडी पुढे सरपटायची, मी मागून चालायची. चौकात एक ओळखीची बाई विचारते, "मंदाबाई, भांडण झालं काय?"

तिला काय सांगू!

पण एकदा बाळापूरच्या पुढे रस्ता मोकळा लागला. मालकांनी काच खाली केली आणि गाडी सुसाट सोडली. गाणं म्हणत होते! या माणसाला गाणं येतं हे मला माहीत नव्हतं. मागे वळून पाहिलं तर सीटच नाही. कोणी नाही, कॅरेट नाही. आम्ही दोघंच. तीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी आले तर सिंधू ओट्यावर बसलेली, पोटावर हात ठेवून. पुन्हा डोक्याचं भरीत!

* * *

आठव्या दिवशी मूर्तिजापूरचा ढाबा. मालक म्हणाले, "तू सांग. तू म्हनशीन तसं." आयुष्यभर न विचारता बोलणारी मी, त्या दिवशी पदरानं टेबल पुसत बसले!

तेवढ्यात मोठी गाडी आली. सुधीरभाऊ उतरले, बायको उतरली, कमलताई उतरल्या. म्हातारी माय उतरेना.

"माय, उतर. गाडी त्यायची हाय."

"असन. मी नाई उतरत."

चहा दिला, आत बसून प्यायली. भजी दिली, खाल्ली. खिडकीवरची कडी दोन्ही हातांनी धरलेली. तासभर आम्ही सगळे उन्हात! शेवटी मालकांनी खिडकीतून तिच्या पाया पडून सुधीरभाऊंच्या हातात किल्ली दिली. मी तोंड उघडलंच नव्हतं, देवाशपथ!

लाल गाडीत आम्ही दोघं. कमलताई एसटीनं आल्या. आणि एवढं एसटीनं येऊनही एका शब्दानं भांडल्या नाहीत!

* * *

पुढच्या महिन्यात सिंधूला मुलगी झाली. दवाखान्यातून तिला घरी आणायला अमरावतीहून सुधीरभाऊच मोठी गाडी घेऊन आले. माय पुढच्या सीटवर. सगळी गल्ली माझ्याकडे पाहून बोटं मोडत होती. मी खिडकीशी गेले.

"माय, एक सांग. त्या दिवशी एवढा हट्ट काहून केला वं?"

"माह्या मनानं केला काय? मले सांगतलं होतं. 'माय, कोनी कितीबी म्हनो, उतरू नोको. त्या पोरानं जलमात काई मांगतलं नाई.'"

"कोनं सांगतलं?"

"कमलनं."